सरहद्दीजवळचे तेरा महिने : रझाकारी काळातील जिंतूर परिसर

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्हा परतंत्रच राहिला. या जिल्ह्याच्या उत्तर भागातील जिंतूर तालुक्यापासून स्वतंत्र भारतातील वऱ्हाड जवळ होते. पुढील तेरा महिने या सरहद्दीच्या आसपासची गावे सशस्त्र गटांच्या छायेत जगली.

दोन सत्तांच्या कात्रीत

लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटना निजामाच्या पोलिसांच्या साथीने खेड्यांत वावरत असे. दुसरीकडे, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी सशस्त्र केंद्रे उभारली होती. करोडगिरीची नाकी आणि पोलीस चौक्या हे त्यांचे लक्ष्य होते. सामान्य शेतकऱ्याची यात कोंडी होई. सरकारला लेव्हीचे धान्य द्यावे, तर आंदोलकांचा रोष. नाकारावे, तर रझाकार दारात. क्रांतिकारकांना भाकरी दिल्याचा नुसता संशयही गावावर जाळपोळ ओढवण्यास पुरेसा ठरे.

बाजार, शाळा, न्यायालय

संस्थानात ‘हाली’ नाणे चाले, तर पलीकडे ‘कलदार’. निजाम सरकारने भारतीय चलनाच्या वापरावर बंदी घातल्याने सरहद्दीवरील व्यापार अडचणीत आला. १९४८ मध्ये भारताने केलेल्या आर्थिक नाकेबंदीमुळे औषधे आणि पेट्रोलही दुर्मिळ झाले. संस्थानातील अनेक विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडली. वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. असंख्य कुटुंबांनी घरदार सोडून भारतीय हद्दीत आश्रय घेतला.

मुक्तीनंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची ‘पोलीस ॲक्शन’ सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. मात्र रझाकारांच्या अत्याचारांचा सूड अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिम कुटुंबांवर उगवला गेला. केंद्राने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज नोंदविला. परभणीला लागून असलेला नांदेड जिल्हा सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक होता. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. शस्त्र हाती न घेतलेल्या दोन्ही समाजांतील माणसांनी दिलेली किंमत हाही या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाचाच भाग आहे.