पंडिता रमाबाई आणि पाणी मागणारा तारणारा

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे यावीत, असा प्रघात आहे. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले, महर्षी कर्वे यांची नावे अशा अंकांतून अभिमानाने येतात आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्याच चित्तपावन कुळात जन्मलेल्या पंडिता रमाबाई डोंगरे यांचे नाव आले, तर ते बहुधा एका ओळीत येते. 'पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला' असे म्हणून लेखक घाईने पुढच्या नावाकडे वळतो. २०२२ साली रमाबाईंच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण झाली. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही आणि कोणास धर्मांतराचा उपदेश करण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि जी विदुषी आपल्यातून गेली, तिला तेथे नेमके काय लाभले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने टाळू नये, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री हे मोठे वैष्णव पंडित. पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला होता. मूल सहा महिन्यांचे असताना कुटुंब तीर्थाटनास निघाले आणि पुराणे सांगत देशोदेशी हिंडले. व्रते, दाने, अनुष्ठाने यांत जवळचे द्रव्य सरले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या विद्वान कुटुंबास मोलमजुरी येत नव्हती आणि भिक्षा मागणे साधत नव्हते. वडील गेले. त्यांच्यामागून काही आठवड्यांतच आईने अंथरूण धरले.

त्या दिवसांची हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. मरणासन्न आईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण गृहिणीच्या दारी गेल्या. पण मागण्यासाठी तोंड उघडेना. त्या बाईनेच मुद्रा ओळखून विचारले, तेव्हा तुकडा मिळाला. आईच्या अंगात मात्र तो खाण्याचेही बळ उरले नव्हते. पुढे प्रेत उचलण्यास गावातले कोणी येईना. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासशास्त्री यांनी दिला व चौथी रमाबाई. उंची कमी म्हणून खांद्यावर भार पेलेना, तेव्हा तो त्यांनी डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. थोड्याच महिन्यांत थोरली बहीणही गेली.

वाचकहो, हा प्रसंग आम्ही मुद्दाम विस्ताराने दिला. रमाबाईंचे धर्मांतर वादविवादातून झाले, असे समजण्याकडे आपला कल असतो. वादविवाद झाले हे खरे. आपल्याच ज्ञातीतील काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या लेखनाने रमाबाईंच्या बुद्धीचे बरेच समाधान झाले. परंतु त्यांच्या शोधाचे मूळ ग्रंथात नव्हे, त्या तीन मैलांच्या वाटेवर होते. संकटात सापडलेल्या माणसाजवळ कोण येतो, हा तो प्रश्न होता.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच काळात धर्मशास्त्रांचे परिशीलन करताना त्यांना आढळले की, ग्रंथ अन्य बाबतींत कितीही भिन्न असोत, स्त्री ही स्वभावतः दोषयुक्त आहे आणि तिच्या मोक्षाचा मार्ग पतिसेवेतच आहे, या दोन गोष्टींत त्यांचे बहुतेक ऐकमत्य आहे. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. सिल्चर येथील वास्तव्यात बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हाती आली होती. ते त्यांचे ख्रिस्तचरित्राशी पहिले सावकाश वाचन होय.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात चालविलेले एक गृह रमाबाईंस दाखविण्यात आले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथे प्रेमाने शुश्रूषा होत होती. रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांविषयी दंडाची भाषा त्यांनी ऐकली होती, दयेची नव्हती. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय त्यांना वाचून दाखविला.

त्या अध्यायातील कथा आपल्या वाचकांस सहज उमगेल, कारण तिचा विषय पाणी आणि विटाळ हा आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. भर दुपारी थकलेला, तहानलेला येशू एका विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास येते. तिचे पाच पती होऊन गेलेले आहेत व सध्या ज्याच्याजवळ ती राहते तो तिचा पती नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिचे सर्व जीवन त्यास ठाऊक आहे. तो ते बोलूनही दाखवितो, पण तिला हाकलून देत नाही. उपासनेचे खरे स्वरूप काय, हा गहन विषय तो तिच्यापाशीच उलगडतो. ज्या तारणाऱ्यास स्वतःस तहान लागते आणि जो टाकलेल्या स्त्रीपुढे ओंजळ करतो, त्याची दया वरून फेकलेली भिक्षा राहत नाही. बाजरीच्या तुकड्यासाठी दारात उभे राहण्याचे दुःख जिने सोसले होते, तिला हे कळण्यास भाष्याची गरज नव्हती.

ख्रिस्ती शास्त्रात या विचारास दृढ आधार आहे. 'इब्री लोकांस पत्र' या नव्या करारातील ग्रंथात ख्रिस्तास महायाजक म्हटले आहे. याजक म्हणजे देव आणि मनुष्य यांमधील पुरोहित. परंतु हा पुरोहित मनुष्याच्या दुर्बलतेपासून अलिप्त नाही. त्याची स्वतःची सर्व प्रकारे परीक्षा झाली आहे, तो निष्पाप राहिला आहे आणि म्हणून दुर्बलाविषयी त्याला सहानुभूती वाटते. यास्तव गरजेच्या वेळी दया आणि साहाय्य मागण्यासाठी त्याच्याजवळ निःशंक जावे, असे तो ग्रंथ सांगतो. पात्रता सिद्ध करून जावे, असे सांगत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. यानंतर त्यांनी बुद्धी गहाण टाकली, असे मात्र कोणी समजू नये. भगिनींशी व धर्मगुरूंशी त्यांचे अनेक मतभेद झाले. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, यास हरकत घेऊन आपली संस्कृत भाषा का चालू नये, असे त्यांनी रोखठोक विचारले. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रांजळपणे नमूद केली आहे. बाप्तिस्म्याने आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला, असे त्या म्हणतात. मत पटणे आणि आधार सापडणे यांतील हे अंतर कोणत्याही धर्माच्या साधकास ओळखीचे वाटेल.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आणले. सदनाच्या आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. त्या विवाहाबद्दल मुरूड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला, हे आपल्या ज्ञातीच्या इतिहासातच नमूद आहे. त्याच वर्षी सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, या कारणाने मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माबाबत तटस्थतेचे वचन दिले असता असे व्हावे, ही टीकाकारांची तक्रार केवळ द्वेषमूलक म्हणता येणार नाही. मी कोणास बोलावीत नाही, पण माझे दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. वाद कोणी जिंकला, हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. त्या विधवांसाठी तोवर आपण किती दारे उघडली होती, एवढेच आम्ही विचारतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन परतल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. केडगाव येथील मुक्तिसदनात त्या सुमारास पंधराशेहून अधिक जीव आश्रयास होते. उपासमारीने आई गमावलेली मुलगी आता उपाशी मुलींची आई झाली होती. फुलहॅम येथे पाहिलेले त्या विसरल्या नव्हत्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी निराळे गृह काढले आणि त्यास 'कृपासदन' असे नाव दिले. अखेरची वर्षे त्यांनी बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतरात घालविली. १९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

ज्ञातिबांधवांनी आणि भगिनींनी या चरित्रातून काय घ्यावे? श्रद्धा ज्याची त्याची. पण रमाबाई आपल्यातून गेल्या त्या धनासाठी नव्हे, मानासाठीही नव्हे. मान तर त्यांना कलकत्त्यास आणि पुण्यासही मिळाला होता. दुःखाची पात्रता न विचारता जवळ येणारा कोणीतरी त्या शोधीत होत्या. प्रेतास खांदा देण्यास आलेले दोघे ब्राह्मण, भाकरी देणारी ती गृहिणी हेही आपलेच होते, याचे समाधान मानता येईल. पण दोघेच आले, हेही विसरता येणार नाही. ज्ञातीच्या साहाय्यनिधीकडे उद्या एखादी टाकलेली लेक येईल, तेव्हा तिचे कुलशील आणि चुका यांची चौकशी करण्यापूर्वी तिला बसावयास सांगून पाणी द्यावे. रमाबाईंचे नाव आपल्या थोरांच्या यादीत घेण्याचा अधिकार आपणांस तेव्हाच प्राप्त होईल.