‘कंदिसा’च का?

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक बँडची ओळख एकाच अल्बमवरून करून द्यायची, तर मी ‘कंदिसा’ (२०००) निवडतो.

मैफलीचे रसिक ‘डेझर्ट रेन’चे (१९९७) नाव घेतील. सफदर हाश्मींच्या स्मृतिनिमित्त ‘सहमत’ने दिल्लीत भरवलेल्या कार्यक्रमात तो थेट ध्वनिमुद्रित झाला. सुश्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्तींचा तबला एकमेकांना कसे खेळवतात, हे त्यातच उत्तम कळते. पण तिथे जोर वाद्यांचा. शब्द मागे राहतात. ‘ब्लॅक फ्रायडे’तल्या ‘बंदे’ने बँडला मोठा श्रोतृवर्ग दिला खरा, तरी ते चित्रपटाच्या मागणीवरून आलेले काम.

‘कंदिसा’त बँड शब्द शोधत निघतो आणि ते त्याला इंग्रजी रॉकच्या वहिवाटेबाहेर सापडतात. केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचे अरामी स्तोत्र, गोरख पांडे यांची भोजपुरी कविता आणि नर्मदाकाठचे लोकगीत, हे सारे एका तबकडीत! यातले शेवटचे, ‘मा रेवा’, माझ्या निवडीचे खरे कारण.

आम्ही बुलढाण्याचे लोक पूर्णाकाठचे. आमची पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. नर्मदा त्याही पलीकडे, सातपुड्याआड. तरी परिक्रमेच्या पुस्तकांमुळे ती मराठी घराला परकी नाही. ‘मा रेवा’ गाणारे बासवादक राहुल राम मात्र तिच्याकडे परिक्रमावासी म्हणून गेले नव्हते. विषशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्यावर त्यांनी नर्मदा बचाव आंदोलनात काम केले होते. गाण्यात घोषणा नाही, धरणाचे नावही नाही. आहे ती नदीच्या निर्मळ, वाहत्या पाण्याची स्तुती. आंदोलनातला माणूस घोषणा टाळून स्तुती गातो, यात मला बँडचा सगळा स्वभाव दिसतो.

अल्बम आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे त्या बुडिताच्या यादीत होती. १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ला झाले. परिक्रमावासीयांच्या ओळखीचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आता पाण्याखाली आहे, आणि मणिबेलीजवळ, जिथे गाण्यातली रेवा वाहायला हवी, तिथे जलाशय आहे.