एल विल्सितो

मेक्सिको सिटीच्या नार्वार्ते या वस्तीतील, रात्री उशिरापर्यंत चालणारी एक प्रसिद्ध टाकेरिया. मक्याच्या तळहाताएवढ्या मऊ टॉर्टियावर मांसाचे तुकडे ठेवून, ती दुमडून हाताने खाण्याच्या पदार्थाला टाको म्हणतात. तो जेथे मिळतो ते खाद्यगृह म्हणजे टाकेरिया आणि तो करणारा कारागीर म्हणजे टाकेरो. पेतेन रस्ता आणि आव्हेनिदा उनिव्हेर्सिदाद हा हमरस्ता जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर दिवसा मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालते आणि अंधार पडला की त्याच आवारात टाकोंसाठी गर्दी जमते. दोन व्यवसायांनी एकच जागा अशी वाटून घ्यावी, हे दाट लोकवस्तीच्या आणि महागड्या जमिनीच्या महानगराला साजेसेच आहे. नार्वार्ते ही विसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आलेली मध्यमवर्गीय वस्ती असून टाकेरियांसाठी तिचा लौकिक शहरभर आहे.

येथील मुख्य पदार्थ म्हणजे टाको अल पास्तोर. त्यासाठी डुकराच्या मांसाचे पातळ काप ग्वाहियो जातीची सुकी लाल मिरची, शेंद्रीच्या बियांचे वाटण, व्हिनेगर, लसूण आणि मसाले यांत मुरवून उभ्या सळईवर एकावर एक रचतात. या रचलेल्या राशीस ट्रोम्पो म्हणतात; ती वर रुंद आणि खाली निमुळती असल्याने भोवऱ्यासारखी दिसते. ट्रोम्पो आचेसमोर सावकाश फिरत राहतो, त्यामुळे बाहेरचा थर खरपूस होत असताना आतले मांस ओलसर राहते. टाकेरो एका हातात टॉर्टिया धरतो, दुसऱ्या हातातील लांब सुरीने भाजलेला थर वरून खाली पातळ सोलत ते काप थेट टॉर्टियात झेलतो आणि शेवटी ट्रोम्पोच्या माथ्यावर खोचलेल्या अननसाला सुरीचे टोक लावून त्याची एक चकती उडवतो व तीही त्याच टॉर्टियात पकडतो. ही क्रिया पाहणाऱ्याला हातचलाखी वाटते. तथापि तिच्यातील खरे कौशल्य अननस झेलण्यात नसून थर किती भाजला आहे हे ओळखण्यात आहे. गर्दीच्या दडपणाखाली सुरी घाईने चालली, तर कच्चट मांस सोलले जाते आणि ते तव्यावर परतून घ्यावे लागते. अशा टाकोला आचेवर धरलेल्या खरपूस पापुद्र्याची चव येत नाही.

उभ्या सळईवर मांस भाजण्याची ही रीत मेक्सिकोची मूळची नव्हे. उस्मानी साम्राज्याच्या अखेरच्या काळापासून लेबनॉन व आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या स्थलांतरितांनी ती आणली, आणि 1930च्या दशकात प्वेब्ला शहरात जाडसर रोटीत गुंडाळलेला ‘टाको अराबे’ विकला जाऊ लागला. पुढे राजधानीत रोटीच्या जागी मक्याची टॉर्टिया आली, मांसाला मिरची व शेंद्री लागली आणि अल पास्तोर सिद्ध झाला. त्याच्या जनकत्वावर एकाहून अधिक टाकेरियांनी हक्क सांगितला असून कोंदेसा वस्तीतील 1966 साली सुरू झालेली एल तिझोन्सितो ही त्यांपैकी एक आहे. एखाद्या एकट्या दुकानाला हे श्रेय देण्यापेक्षा अनेक हातांनी हळूहळू घडवलेला पदार्थ म्हणून त्याकडे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

टॉर्टियाचे पीठ निक्स्तामाल पद्धतीने तयार होते. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवले जातात, मग धुऊन वाटले जातात. त्यामुळे साल सुटते, पीठ चिकटून एकजीव होते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला घेता येते. तयार टाकोवर बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर पडते. ‘कोन तोदो’ म्हणजे ‘सगळे घालून’ एवढे सांगितले की पुरते. लिंबू आणि लाल-हिरव्या साल्सा, म्हणजे मिरचीच्या पातळसर चटण्या, गिऱ्हाईक स्वतः घेते. गव्हाच्या टॉर्टियात चीज व अल पास्तोर घालून भाजलेल्या प्रकारास ग्रिंगा म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला या ताटातील मिरची, मका व अननस ओळखीचे वाटतील, कारण ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडांतील असून पोर्तुगीज व्यापारकाळात भारतात आली.

मेक्सिको सिटीची मेट्रो कामाच्या दिवशी मध्यरात्री थांबते, परंतु टॅक्सीचालक, रुग्णालयांतील व उपाहारगृहांतील कामगार, समारंभ आटोपून परतणारी कुटुंबे यांची भूक त्यानंतरही जागी असते. स्वस्त, ताजे आणि उभ्याने काही मिनिटांत संपणारे जेवण त्यांना हवे असते व टाकेरिया ते पुरवते. एकाच ओट्यासमोर सर्व थरांतील माणसे खांद्याला खांदा लावून खातात, हे या संस्थेचे मोठे सामाजिक मोल आहे.

टाकोंवरील ‘लास क्रोनिकास देल टाको’ या नेटफ्लिक्सच्या 2019 मधील माहितीपट मालिकेतून एल विल्सितो परदेशातील प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. 2024 साली उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेने मेक्सिकोची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा सान राफाएल वस्तीतील एल कालिफा दे लेओन या टाकेरियाला एक तारा मिळाला. मात्र तेथे टाको तव्यावर भाजलेल्या मांसाचे असतात, अल पास्तोर मिळत नाही. ट्रोम्पोची परंपरा पाहायची असेल, तर रात्री नार्वार्तेसारख्या वस्तीतच जावे लागते.