जैवइंधने (यवतमाळ जिल्हा)

पिके, त्यांचे अवशेष, तेलबिया आणि शेण यांपासून मिळणारी इंधने. वणी परिसरात दगडी कोळशाच्या खाणी असूनही यवतमाळच्या खेड्यांतली चूल पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर पेटत आली आहे.

कापूस वेचून झाला की शेतात हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी उरते. वाळलेल्या पऱ्हाटीचे उष्णतामूल्य हलक्या प्रतीच्या कोळशाच्या आसपास असते. तिचा भुगा दाबून कांड्या व गोळ्या (ब्रिकेट, पेलेट) करता येतात. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवभार मिसळावा, असे केंद्राने २०२१ मध्ये ठरवले. इंधनाहून मोठा लाभ पिकाचा आहे. २०१७ मध्ये विदर्भाचा कापूस पोखरणारी गुलाबी बोंडअळी फरदडीत (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या कपाशीत) आणि घराजवळ रचलेल्या पऱ्हाट्यांच्या वाळक्या बोंडांत तग धरते. फरदड न ठेवता पऱ्हाटी वेळेवर उपटून तिचा भुगा केला, तर अळीचे जीवनचक्र तुटते. धुऱ्यावर पेटवून दिल्यास मात्र इंधन वाया जाते आणि धूर तेवढा होतो.

अडचणी खऱ्या आहेत. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि आकाराने अवजड, त्यामुळे वाहतूक महाग पडते. उपटायची मजुरी शेतकऱ्याच्याच माथी येते. सगळीच कारखान्यात गेली तर भूमिहीन घरांचे सरपण जाते आणि सेंद्रिय कर्बाने आधीच गरीब असलेल्या जमिनीला परत काही मिळत नाही.

बायोडिझेलसाठी पडीक जमिनीवर मोगली एरंड (जट्रोफा) लावण्याची मोहीम नियोजन आयोगाच्या समितीच्या २००३ च्या अहवालानंतर देशभर निघाली. खत-पाण्यावाचून झाडाला पुरेसे बी धरले नाही आणि ती ओसरली.

इथेनॉलचा हिशोब वेगळा आहे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने उसाचा रस व खराब धान्य यांपासून इथेनॉल करण्यास वाट दिली. ते पेट्रोलमध्ये मिसळल्याने कच्च्या तेलाची आयात घटते, साखर कारखान्यांना रोकड मिळते. मात्र नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या १ लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. उमरखेड-पुसदकडचा सिंचित भाग सोडला तर बहुतांश शेती पावसावर असलेल्या या जिल्ह्याला तो मार्ग परवडणारा नाही. शिवाय मका व तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा (डीडीजीएस) स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात येतो आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी खातो. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दराने विक्री झाली. त्यामागच्या कारणांत हेही एक मानले जाते. वाहनाच्या टाकीतल्या इंधनाची किंमत अशी सोयाबीन उत्पादकाच्या पदरी पडते.

म्हणून यवतमाळसाठी इंधनाकरिता नवे पीक घेण्यापेक्षा पऱ्हाटी आणि गोबरगॅस हाच योग्य मार्ग होय. गोबरगॅसमध्ये शेणापासून चुलीला गॅस मिळतो आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात परत जाते. पऱ्हाटीचा भाव मात्र बांधावरच ठरला पाहिजे आणि तिचा काही भाग कुजून जमिनीत गेला पाहिजे.