सहा दिवस आणि साडेसहा कोटी वर्षं

'तुमच्या बायबलात जग सहा दिवसांत तयार झालं म्हणतात. मग तू इथं मायक्रोमीटर घेऊन काय करतोस?' भोसरीच्या एका टूलरूममध्ये तपासणीच्या टेबलावर असताना हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला, याची मोजदाद नाही. विचारणारे मित्रच असत. चहाची वेळ असे, हेतू चेष्टेचा असे आणि उत्तराची कुणाला घाई नसे. पण प्रश्न पोकळ नव्हता. आठवडाभर मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून हुज्जत घालणारा माणूस उपासनेला बसून उत्पत्तीचा पहिला अध्याय ऐकतो, तेव्हा तो आपली मोजपट्टी दाराबाहेर ठेवून येतो की काय? ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञान यांच्यावरची वादविवादाची पुस्तकं मी चाळली. त्यांतून फारसं हाती लागलं नाही. इतिहासातून मात्र लागलं, आणि तेही आपल्याच पायाखालच्या दगडातून.

मोशीच्या खाणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी इमारतींना आणि रस्त्यांना खडी तिथून आली. हा काळा दगड म्हणजे लाव्हा. थरावर थर ओतले गेले, थंड झाले आणि त्यातून आपलं पठार तयार झालं. हे घडलं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हाच दगड इथून थेट नागपूरपर्यंत पसरलेला आहे. नागपूर मी सहज म्हटलं नाही, त्याच्याकडे येतोच. पण त्याआधी नगरला जावं लागेल.

1842 साली अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशननं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. नाव पाहा, 'धर्मोदय' नव्हे, 'ज्ञानोदय'. धर्माच्या लेखांबरोबर त्यात खगोल, भूगोल, नवी यंत्रं असे विषय येत. मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात शास्त्र आलं ते असं, पवित्र शास्त्राचं बोट धरून. आमच्या भाषेत दोन्हीला 'शास्त्र'च म्हणतात, ही गंमत मला लहानपणापासून वाटत आली आहे.

मात्र त्या काळातल्या मिशनऱ्यांचा हेतू निव्वळ ज्ञानदानाचा नव्हता, हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. खगोलशास्त्र हे त्यांच्या हातातलं हत्यार होतं. पृथ्वी गोल आहे, ग्रहण सावलीमुळे लागतं, मग मेरू पर्वताचं आणि राहू-केतूंचं काय, असा त्यांचा सवाल असे. भास्कराचार्यांच्या परंपरेतल्या ज्योतिष्यांना ग्रहणाचं कारण कितीतरी शतकं आधीपासून ठाऊक होतं, ही गोष्ट त्या वादात सोयीनं मागं राहायची. आणि हे हत्यार दुधारी होतं. पुराणांना लावलेली मोजपट्टी उत्पत्तीच्या पुस्तकाला का लावू नये? सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी जगाची निर्मिती ख्रिस्तपूर्व 4004 सालची ठरवली होती, आणि इंग्रजी बायबलाच्या समासात हा आकडा पुढं छापला जात असे. 1859 मध्ये डार्विनचं पुस्तक निघालं तेव्हा युरोपातल्या चर्चमध्ये मोठी खळबळ उडाली. पण त्याच्याही आधी दगडांनी तो आकडा निकालात काढला होता.

आता नागपूर. 1845 साली स्टीफन हिस्लॉप नावाचे तरुण स्कॉटिश मिशनरी तिथं आले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक, शाळा चालवणारे. 1883 मध्ये निघालेलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. हे गृहस्थ प्रवचनासाठी खेडोपाडी हिंडायचे आणि हिंडताना खाली पाहायचे! सोबत रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी असत. नागपूरजवळ टाकळी इथं त्यांना लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये गाळाचा एक पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते आणि झाडांची फळं व बिया होत्या, सगळं दगड झालेलं.

याचा अर्थ काय, ते जरा थांबून पाहू. एक लाव्हा आला आणि निवला. मग त्यावर पाणी साठून तळं झालं. तळ्यात गोगलगायी आल्या, काठावर झाडं वाढली. हे सगळं होऊन गेल्यावर दुसरा लाव्हा आला आणि त्यानं तळं झाकून टाकलं. असे थर एकावर एक पुष्कळ. यातल्या एकेका तळ्याला किती काळ लागला असेल? किरणोत्सारावरून वय काढायची युक्ती तेव्हा नव्हती, कोटींचे आकडे हिस्लॉपना सांगता आले नसते. पण हे काम सहा दिवसांचं नाही, सहा हजार वर्षांचंही नाही, हे कुठल्याही डोळस माणसाला त्या थरातून कळत होतं. हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध 1855 मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. एका खनिजाला 'हिस्लोपाइट' हे नाव मिळालं.

आणि त्यानंतर? ते प्रवचन करतच राहिले. त्यांच्याच फ्री चर्चच्या वर्तमानपत्राचे संपादक ह्यू मिलर हे मूळचे पाथरवट. शास्त्रातला एकेक 'दिवस' म्हणजे एकेक दीर्घ युग असं समजावं, असं ते जाहीरपणे मांडत होते. मला स्वतःला ही जुळवाजुळव फारशी पटत नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय मला स्तोत्रासारखा वाटतो, आणि स्तोत्राला वेळापत्रक मागू नये. पण मिलर आणि हिस्लॉप यांनी एक गोष्ट केली नाही. हातातला शंख त्यांनी फेकून दिला नाही. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना, पावसानं फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप बुडाले. वय अवघं 45.

नागपूरकरांनी सगळा मान घेऊन जाऊ नये म्हणून आपल्या दापोडीचंही सांगतो. पेशव्यांच्या पलटणीचे कॅप्टन फोर्ड यांचा बंगला तिथं होता. 1828 मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात तो सरकारनं घेतला आणि त्याच्या आवारात वनस्पती उद्यान उभं राहिलं. 1838 पासून त्याची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरांकडे होती. हे आधी दख्खनमध्ये देवीची लस टोचत फिरणारे. जुन्नर भागात हिवरे इथं त्यांनी औषधी वनस्पतींची बाग चालवली. जंगलं तोडली की झरे आटतात, असं ते सरकारला बजावत राहिले आणि 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले.

1847 ते 1850 या काळात गिब्सननी दापोडीत झाडाफुलांची शंभराहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत आणि 'दापोडी चित्रं' म्हणूनच ओळखली जातात. चित्रकार कोण, तर एक पोर्तुगीज-भारतीय. नाव कुणी नोंदवलं नाही. पोर्तुगीज-भारतीय म्हणजे बहुधा गोवा किंवा वसईकडचा कॅथॉलिक, असा माझा अंदाज. पुंकेसर किती, पानाच्या कडा कशा, हे दिवसभर बारकाईनं पाहणारा हा माणूस संध्याकाळी माळही जपत असेल. आज दापोडीवरून लोकलनं जाताना मला गव्हर्नरांपेक्षा त्याचीच आठवण जास्त होते.

त्यानंतर शंभर वर्षांनी आमची माणसं या पट्ट्यात आली. नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वाड्यांवरून, दुष्काळाला कंटाळून. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याचे मिशनरी सॅम्युअल फेअरबँक पक्ष्यांचा अभ्यास करत. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आहे. त्याच परिसरातल्या मंडळ्यांमधून (चर्चच्या सभासदांना आम्ही 'मंडळी' म्हणतो) कुणी पिंपरीला आलं, कुणी खडकीला.

पिंपरीला तेव्हा मोठं काम होतं ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1955 मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. फ्लेमिंगनी बुरशीचा गुण पाहिला 1928 साली. ऑक्सफर्डमध्ये 1941 साली ज्या पोलीस शिपायाला ते टोचलं, तो सुधारू लागला होता; पण औषधच संपलं आणि तो गेला. प्रश्न होता तो पुरेसं बनवण्याचा. साखरेच्या द्रावणानं भरलेल्या प्रचंड टाक्या, त्यांत निर्जंतुक हवा फुंकत राहायची, बुरशी वाढवायची, आणि दुसरा एकही जंतू आत शिरू द्यायचा नाही. पुढं स्ट्रेप्टोमायसिनही इथं बनू लागलं. 1961 मध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूनं हॅमायसिन हे बुरशीनाशक इथंच शोधलं. नंतर कारखान्याला उतरती कळा लागली, ते वेगळं दुःख.

या पट्ट्यातल्या उपासनेचंही वेळापत्रक यंत्रांनीच ठरवलं. विजेचा भार वाटला जावा म्हणून इथल्या अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. प्रभूचा दिवस रविवार आणि मालकाचा गुरुवार! मग रविवारी भल्या पहाटे येणारे, रात्रपाळी संपवून तसेच बाकावर बसून पेंगणारे, गुरुवारी संध्याकाळी घरोघरच्या प्रार्थनेत कसर भरून काढणारे, असे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. पेंगणाऱ्यांना आमच्या पाळकांनी कधी उठवलं नाही.

दगडाच्या वयावरून आमच्या मंडळीत कधी भांडण झालं नाही. झालं ते औषधावरून. 2003-04 च्या सुमारास मंडळीतल्या एका बाईंना क्षय झाला. महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना बरं वाटू लागलं. तेवढ्यात कुठल्याशा आरोग्यसभेत एका पाहुण्या उपदेशकानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, 'तू बरी झालीस. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास.' त्यांनी गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी खोकल्यातून रक्त आलं.

क्षयाचे जंतू चिवट असतात. औषध अर्ध्यावर सोडलं की जे उरतात ते त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. त्यामुळे असा रुग्ण परत आला की त्या वेळच्या नियमानुसार आठ महिन्यांचा नवा उपचार होता. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, आणि गोळ्या कुणाच्या तरी देखत गिळायच्या.

वडीलमंडळाच्या बैठकीत आवाज चढले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, 'उपदेशकाला नावं ठेवाल तर प्रार्थनेलाच नावं ठेवल्यासारखं होईल.' त्यावर आमच्या पाळकांनी लूकचा दाखला दिला. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलानं त्याला 'प्रिय वैद्य' म्हटलं आहे. त्याच्या हातची औषधाची पिशवी कुणी काढून घेतल्याचं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. मी त्या बैठकीत होतो आणि माझं मत स्पष्ट होतं. प्रार्थना करा, हजारदा करा. पण माणसाला औषध सोडायला सांगणं ही श्रद्धा नव्हे. तो दुसऱ्याच्या जिवावर लावलेला जुगार आहे.

बैठकीतून निर्णय असा काही निघाला नाही. निघाल्या त्या बायका. महिला मंडळातल्या सहा-सात जणींनी वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी एकजण त्या बाईंना दवाखान्यात घेऊन जायची, इंजेक्शन होईपर्यंत बाहेर बसायची, गोळ्या समोर गिळायला लावायची, आणि मग घरी जाऊन दोघी मिळून प्रार्थना करायच्या. आठ महिने.

थुंकीची शेवटची तपासणी निर्दोष आली, त्यानंतरच्या रविवारी त्या बाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. प्रभूचे आभार मानले. मग त्या सगळ्या जणींची नावं घेतली, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं घेतलं, आणि एका हातानं पदर सावरत औषधांचीही नावं घेतली. 'रिफाम्पिसिन' म्हणताना जरा अडखळल्या, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एकीनं त्यांना हळूच आठवण करून दिली.