पांगुळगाड्याचा इतिहास

रेसिंग सिम्युलेटर सुरू केला, की प्रत्यक्ष शर्यतीआधी सेटिंगचे एक पान समोर येते. गिअर तुम्ही बदलणार की संगणक? ब्रेक जोरात दाबला तर चाके जाम होऊ द्यायची का? रस्त्यावर योग्य मार्गाची रेघ आखून दाखवायची का? धडक बसली तर गाडी मोडावी की शाबूत राहावी? बहुतेक जण हे पान घाईघाईने ओलांडतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हे पानच आहे. नवशिक्याला किती मदत करावी, ती कोणत्या प्रकारची असावी आणि कधी काढून घ्यावी, या शिक्षणातल्या जुन्या प्रश्नाला खेळ बनवणाऱ्यांनी पन्नास वर्षांत दिलेली उत्तरे तिथे एकाखाली एक नोंदलेली आहेत.

सिम्युलेटर आणि साधा मोटारींचा खेळ यांत फरक आहे. साध्या खेळात गाडी वळते, कारण आपण कळ दाबली. सिम्युलेटरमध्ये ती वळते, कारण टायरची रस्त्यावरची पकड, गाडीचे वजन पुढे-मागे सरकणे आणि इंजिनाची ताकद यांचा हिशेब संगणक दर क्षणाला करतो. हिशेब चुकत नाही, म्हणून चूक खपतही नाही. खऱ्या गाडीत शरीराला जे झोके आणि हिसके जाणवतात तेही इथे नसतात. म्हणूनच मदतीचा प्रश्न इथे अधिक टोकदार होतो. जो अनेक वर्षांनी या खेळाकडे परततो, त्याच्यासाठी तर तो मानापमानाचा प्रश्न असतो. एके काळी आपल्याला हे येत होते, ही आठवण त्याला 'नवशिका' या शब्दावर बोट ठेवू देत नाही.

नाण्यावर चालणारी शर्यत

१९७४ साली अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' हे यंत्र बाजारात आणले. त्याला स्टिअरिंग, गिअरचा दांडा, अॅक्सिलरेटर आणि ब्रेक होते. पडद्यावर शर्यतीचा मार्ग वरून पाहिल्यासारखा दिसे आणि नेमून दिलेला वेळ संपला की खेळ संपे. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा हिशेब उघड होता. खेळणारा फार काळ टिकला तर धंदा बुडतो आणि फार लवकर हरला तर तो पुन्हा येत नाही.

या कात्रीतून निघण्याचा एक मार्ग अटारीच्याच १९७६ सालच्या 'नाईट ड्रायव्हर'मध्ये दिसतो. काळोखा पडदा, रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरे खुंट आणि चालकाच्या जागेवरून दिसणारे दृश्य, असा तो खेळ. त्यात नवशिका, प्रो आणि एक्स्पर्ट अशा तीन पातळ्या होत्या. वरच्या पातळीवर वळणे अधिक तीव्र होत आणि लवकर अंगावर येत. गाडी मात्र तीच राही. नवशिक्यासाठी रस्ता सोपा करायचा, हे या प्रश्नाचे पहिले उत्तर.

१९८२ साली जपानच्या नामको कंपनीने 'पोल पोझिशन'मध्ये दुसरे उत्तर दिले. फुजी स्पीडवे हा जपानमधला खरा मार्ग त्यात होता, पण गिअर दोनच होते, लो आणि हाय. धडकल्यावर गाडीचा स्फोट होई आणि काही क्षणांत ती पुन्हा हजर होई. म्हणजे गाडी सोपी केली आणि अपघाताची शिक्षा काही सेकंदांवर आणली.

सहा कळा

खऱ्या अर्थाने सिम्युलेटर म्हणता येईल असा खेळ घरात आला तो १९८४-८५च्या सुमारास. इंग्लंडच्या जेफ क्रॅमंड यांनी बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट मेमरीच्या संगणकासाठी 'रेव्ह्ज' लिहिला. सिल्व्हरस्टोनचा मार्ग आणि फॉर्म्युला थ्रीची गाडी. विश्वविजेते जेम्स हंट यांचे बंधू डेव्हिड हंट या चालकाचे साहाय्य त्यांना लाभले होते. गाडीच्या पुढच्या-मागच्या पंखांचा कोन बदलता येई आणि त्याचा परिणाम वळणावर जाणवे. अडचण होती ती खेळणाऱ्याच्या बोटांची. कीबोर्डच्या कळीला दोनच अवस्था ठाऊक, दाबलेली आणि सोडलेली. स्टिअरिंगला मात्र अर्धे, पाव, किंचित अशा शेकडो अवस्था लागतात. म्हणून पुढच्या आवृत्तीत संगणकाने स्टिअरिंगला हात लावण्याची सोय आली. ही मदत आळशी माणसासाठी नव्हती. साधनाची उणीव भरून काढण्यासाठी ती होती.

त्यानंतर १९९१ साली क्रॅमंड यांचाच 'फॉर्म्युला वन ग्रां प्री' मायक्रोप्रोज कंपनीने प्रकाशित केला. या लेखाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा खेळ आहे. त्यात कीबोर्डच्या एफ१ ते एफ६ या सहा कळांवर सहा मदती ठेवल्या होत्या. पहिलीवर ब्रेक आपोआप लागत. दुसरीवर गिअर आपोआप बदलत. तिसरी गिरकी खाल्लेल्या गाडीचे तोंड पुन्हा योग्य दिशेला करी. चौथी गाडीला अभंग करी. पाचवी रस्त्यावर आदर्श मार्गाची तुटक रेघ काढी आणि सहावी येत्या वळणासाठी योग्य गिअर सुचवी.

या सहा कळा जोड्यांनी पाहिल्या की एक वर्गीकरण हाती लागते. पहिल्या दोन आपले काम करून देतात. मधल्या दोन आपली चूक माफ करतात. शेवटच्या दोन फक्त दाखवतात, करायचे आपल्यालाच असते. क्रॅमंड यांनी असे गट पाडले होते असे मी म्हणत नाही. ही मांडणी माझी आहे. पण करून देणे, माफ करणे आणि दाखवणे या तीन खणांत पुढे आलेली जवळजवळ प्रत्येक मदत बसते.

त्या खेळात रूकी ते एस अशा पाच पातळ्या होत्या आणि पातळी चढत जावी तशा मदतीच्या कळा निकामी होत. हा पांगुळगाडा होता आणि तो कधी सोडायचा याचे वेळापत्रकही सोबत होते. 'नाईट ड्रायव्हर' ज्या वर्षी आला त्याच १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना शिकवताना मोठी माणसे जो तात्पुरता आधार देतात त्याला परांचीची उपमा दिली होती. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसाच हा आधार.

१९६७ची भिंत

१९९८ साली अमेरिकेच्या पपायरस कंपनीचा 'ग्रां प्री लेजंड्स' आला. डेव्हिड केमर हे त्यामागचे प्रमुख नाव. विषय होता १९६७चा फॉर्म्युला वन मोसम. त्या गाड्यांना पंख नव्हते, टायर अरुंद होते आणि ताकद साधारण चारशे अश्वशक्तीची. हिशेब इतका प्रामाणिक, की पहिल्याच वळणावर गाडी गवतात जाणे हा बहुतेकांचा पहिला अनुभव. समीक्षकांनी वाखाणलेला हा खेळ बाजारात फारसा चालला नाही. त्यात कमी ताकदीच्या शिकाऊ गाड्याही होत्या, पण आकर्षण मोठ्या गाडीचेच असल्याने अनेक जण थेट तिच्यात बसले आणि थोड्याच दिवसांत खेळ कपाटात गेला.

खुद्द शर्यतीच्या जगाला मात्र ही शिडी ठाऊक होती. त्याच १९६७ साली इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्ड हा वर्ग सुरू झाला. त्याच्या गाड्या साध्या, कमी ताकदीच्या आणि बिनपंखांच्या. तरुण चालक तिथे शिकून वर जात.

जपानच्या सोनी कंपनीने डिसेंबर १९९७मध्ये 'ग्रान टुरिस्मो' आणला तेव्हा हाच धडा परवान्याच्या रूपात दिला. गाडी सुरू करून नेमक्या जागी थांबवणे, एकच वळण नीट घेणे, अशा छोट्या परीक्षा उत्तीर्ण केल्याशिवाय मोठ्या शर्यतीत प्रवेश नाही. लाल 'एल' लावून गाडी शिकलेल्या आपल्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. माणसे अवघडपणाला भीत नाहीत, पायरी नसल्याला भितात, असे या दोन खेळांची तुलना केली की वाटते. केमर यांनीही पुढे जॉन हेन्री यांच्यासोबत उभारलेल्या आणि २००८मध्ये सुरू झालेल्या 'आयरेसिंग'मध्ये रूकीपासून वर चढत जाणारे परवाने ठेवले. वेगापेक्षा धडका टाळण्याला तिथे आधी गुण मिळतात.

रंगीत रेघ आणि मागे फिरणारा काळ

२००५ साली मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ने क्रॅमंड यांच्या रेघेला रंग दिला. वेग योग्य असेल तर हिरवी, कमी करायला हवा तिथे पिवळी, फारच जास्त असेल तर लाल. धुळाक्षरे गिरवावीत तसे हे रस्ता गिरवणे. ज्याने मदती बंद केल्या त्याला बक्षिसाची रक्कम वाढवून मिळे. २००८मध्ये कोडमास्टर्सच्या 'ग्रिड'मध्ये काही क्षण मागे जाऊन चूक पुसण्याची सोय आली आणि पुढच्याच वर्षी 'फोर्झा'च्या तिसऱ्या भागानेही ती घेतली.

दाखवणाऱ्या मदतीतही धोका असतो, हे मानसशास्त्राने आधीच नोंदवले होते. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४मध्ये हालचाली शिकण्याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला. सतत मिळणारे मार्गदर्शन समोर असेपर्यंत कामगिरी सुधारते, पण ते काढून घेतले की शिकलेले टिकत नाही, कारण माणूस कामाऐवजी मार्गदर्शनावर विसंबतो, असा त्यांचा रोख होता. रंगीत रेघेचे नेमके हेच होते. नजर वळणाच्या आतल्या कडेवर, पुढच्या खुणेवर असायला हवी, ती रेघेच्या रंगावर खिळते.

खऱ्या गाडीतली मदत

मदत घेणे हे कमीपणाचे, ही समजूत खऱ्या शर्यतीच्या इतिहासात टिकत नाही. १९८९मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये अर्धस्वयंचलित गिअर आणला. १९९२मध्ये नायजेल मॅन्सेल ज्या विल्यम्स गाडीतून विश्वविजेते झाले, तिच्यात स्वतःहून जुळवून घेणारे सस्पेन्शन आणि चाके घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल होते. १९९४पासून अशा मदतींवर बंदी आली, २००१मध्ये ट्रॅक्शन कंट्रोल परत आले आणि २००८मध्ये पुन्हा गेले. काय मदत आणि काय कौशल्य, ही रेषा जगातल्या सर्वोत्तम चालकांसाठीही दर काही वर्षांनी नव्याने आखली गेली.

इटलीच्या कुनोस कंपनीने २०१४मध्ये पूर्ण रूपात आणलेल्या 'असेटो कोर्सा'ने या वादावर एक शहाणा तोडगा दिला. तिथे एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलसाठी चालू, बंद आणि 'फॅक्टरी' असे तीन पर्याय आहेत. 'फॅक्टरी' म्हणजे कारखान्यातून ती गाडी जशी निघाली तशी. खऱ्या गाडीत एबीएस असेल तर इथेही मिळेल, नसेल तर नाही. प्रश्न माणसाच्या लायकीवरून गाडीच्या सत्यावर आणला, हे या एका शब्दाचे मोल.

परतणाऱ्याने काय निवडावे

आता मूळ प्रश्न. जो दहा-पंधरा वर्षांनी परततो तो खरा नवशिका नसतो. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये दाखवले, की विसरलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आठवत नाही तेही पूर्ण गेलेले नसते. मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर या खेळाकडे वळलो तेव्हा वळणांचा क्रम आणि मार्गाची रेषा डोक्यात होती. गेला होता तो पायाचा अंदाज, म्हणजे ब्रेक किती दाबावा आणि कसा हळूहळू सोडावा हा. मदत नेमकी तिथे हवी, सरसकट नको.

वरचे तीन खण इथे उपयोगी पडतात. माफ करणारी मदत सढळ हाताने घ्यावी. गाडीची मोडतोड बंद, टायरची झीज आणि इंधनाचा हिशेब बंद, प्रतिस्पर्धी मंद. अशी मदत चूक झाकत नाही, फक्त तिची किंमत कमी करते. गिरकी का आली हे आपल्याला पूर्ण दिसते आणि पुढच्या फेरीत सुधारता येते. काळ मागे फिरवण्याची सोय मात्र जपून वापरावी, नाहीतर सलग फेरी पुरी करण्याचे कसबच लागत नाही. दाखवणारी मदत मोजून घ्यावी. काही खेळांत रेघ फक्त ब्रेक लावायच्या जागेपुरती दाखवता येते, ती निवडावी आणि मार्ग ओळखीचा झाला की बंद करावी. करून देणारी मदत 'फॅक्टरी'पुरती ठेवावी. गिअर आपोआप बदलू दिले तर पायाकडे लक्ष देता येते, म्हणून काही दिवस ते चालेल. ब्रेक मात्र आपणच लावावा, कारण परत शिकायचे आहे ते तेच. गाडीला कृत्रिमपणे सरळ धरून ठेवणारे स्टॅबिलिटी कंट्रोल सर्वांत आधी उतरवावे, कारण गाडी घसरायला लागते तो क्षणच ते लपवते.

आणि या सर्वांआधी गाडी लहान निवडावी. मझदा एमएक्स-५सारखी कमी ताकदीची गाडी कोणतीही मदत न घेता चालवता येते आणि चूक झाली तर सावरायला वेळ देते. फॉर्म्युला फोर्डने, 'ग्रान टुरिस्मो'च्या परवान्याने आणि 'ग्रां प्री लेजंड्स'मधल्या दुर्लक्षित शिकाऊ गाड्यांनी हेच सांगितले होते. मदत कमी लागावी असे वाटत असेल, तर ताकद कमी घ्यावी.

पन्नास वर्षांच्या या इतिहासात एक गोष्ट स्पष्ट दिसते. चांगल्या खेळांनी नवशिक्याला कधी हिणवले नाही आणि कायमचे कडेवरही घेतले नाही. पांगुळगाडा धरून चालणाऱ्या मुलाला कोणी लबाड म्हणत नाही. ज्या वयात आपल्याला सगळे येते असे लोक गृहीत धरतात, त्या वयात पुन्हा त्याचा दांडा धरायला मात्र थोडे धैर्य लागते. सेटिंगच्या त्या पानावर सर्वांत खालच्या पातळीची खूण करणे, एवढेच ते धैर्य.