क्रीम औषध की प्रसाधन? घटकांच्या पारखीचा इतिहास

त्वचेला लावायचे एखादे क्रीम औषध मानावे की प्रसाधन, याची भारतात बारकाईने चर्चा झाली ती करविवादांत. प्रसाधनांवर उत्पादन शुल्क जास्त आणि औषधांवर कमी असे. त्यामुळे डबीतला प्रत्येक घटक काय काम करतो, हे उत्पादकाला आणि कर खात्याला पुराव्यानिशी सांगावे लागे. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी सीमाशुल्क, उत्पादन शुल्क आणि सुवर्ण नियंत्रण यांसाठी ‘सीगॅट’ हे अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. वर्गीकरणाचे वाद दीर्घकाळ त्याच्या दिल्लीतील विशेष पीठांपुढे चालत. २००३ मध्ये ते ‘सीस्टॅट’ झाले.

या वादांना दोन कायद्यांची चौकट होती. १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांचा समावेश झाला, तर १९६४ मध्ये आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. १९८५ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क दर कायद्यात औषधे प्रकरण ३० मध्ये, तर प्रसाधने प्रकरण ३३ मध्ये होती. गौण प्रमाणात औषधी किंवा जंतुनाशक द्रव्य असले, तरी प्रसाधन हे प्रसाधनच राहील, असे प्रकरण ३३ मध्ये नमूद होते. कोणते द्रव्य गौण आणि कोणते मुख्य, यावरच पुढचे बहुतेक वाद उभे राहिले.

महाराष्ट्राला जवळचा वाद विको टर्मरिक क्रीमचा. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विकोची सुरुवात केली. पुढे कंपनीने हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल असलेले व्हॅनिशिंग क्रीम बाजारात आणले. अशा क्रीमचा पाया स्टिअरिक आम्लाचा असतो. आम्लाच्या काही भागाचा अल्कलीमुळे साबण होतो आणि तो पाणी व मेद एकत्र धरून ठेवतो. पाणी उडून गेले, की त्वचेवर न दिसणारा पातळ थर उरतो. हा पाया प्रसाधनाचाच आहे. हळद आणि चंदन मात्र आयुर्वेदात त्वचाविकारांवर सांगितलेली द्रव्ये आहेत. खात्याने पायाकडे बोट दाखवले, कंपनीने अर्काकडे. १९७८ मध्ये सुरू झालेला हा वाद नागपूरच्या उत्पादन शुल्क आयुक्तांच्या अपिलामार्गे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि अखेर विकोची उत्पादने औषधच ठरली.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा होता. सेल्सन या शाम्पूत २.५ टक्के सेलेनियम सल्फाइड होते. हे द्रव्य कोंड्याशी संबंधित बुरशीला आवर घालते आणि टाळूच्या पेशी झडण्याचा वेग कमी करते. न्यायाधिकरणाने त्याला प्रसाधन ठरवले होते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, कारण इतक्या मात्रेत हे द्रव्य उपचाराचे काम करते. याउलट निकाल लागला तो ओठांना लावायच्या ‘लिप साल्व्ह’चा. दिल्लीच्या अल्पाइन इंडस्ट्रीज प्रकरणातील हे मलम कडक हवामानात काम करणाऱ्या जवानांसाठी लष्कराला पुरवले जाई. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते त्वचेची निगा राखणारे उत्पादन मानले. ओठ फुटू नयेत म्हणून ते लावले जाते, ते रोग बरा करत नाही, असा हा विचार होता. ग्राहक लष्कर असल्याने वस्तूचे स्वरूप बदलले नाही.

२०१३ मधील मॉइश्चरेक्स क्रीमच्या प्रकरणात घटकांच्या कामाचा प्रश्न आणखी स्पष्ट झाला. कोरड्या त्वचेच्या क्रीममध्ये साधारण तीन प्रकारची द्रव्ये असतात. द्रव पॅराफिन त्वचेवर पातळ आवरण धरून आतले पाणी उडू देत नाही. प्रोपिलीन ग्लायकोल पाणी ओढून धरते. लॅक्टिक आम्ल मृत पेशींचे बंध सैल करते. यूरिया यांपैकी दोन प्रकारांत मोडतो: कमी प्रमाणात ओलावा टिकवतो, जास्त प्रमाणात कडक झालेली त्वचा मऊ करतो. क्रीम कोरडेपणाच्या विकारांवर आणि टाचांच्या भेगांवर दिले जात असल्याने न्यायालयाने ते औषध मानले. औषधी द्रव्याचे प्रमाण अल्प आहे, एवढ्यावरून निर्णय करता येत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. अनेक औषधी द्रव्ये अल्प मात्रेतच सुरक्षित असतात.

नागपूरच्या प्युमा आयुर्वेदिक हर्बल कंपनीच्या लेप-तेलांवरील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालात दोन कसोट्या एकत्र मांडल्या गेल्या. सामान्य ग्राहक त्या वस्तूला काय समजतो, ही पहिली. तिचे घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आहेत का, ही दुसरी. रूप खुलवते ते प्रसाधन, विकारावर उपचार करते ते औषध, हा फरक या निकालाने अधोरेखित केला.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा आयुर्वेदिक औषधांवर १२ टक्के, तर त्वचेच्या प्रसाधनांवर २८ टक्के कर होता. प्रसाधनांचा दर त्याच वर्षी नोव्हेंबरात १८ टक्क्यांवर आला. दरांतील अंतर राहिले, त्यामुळे प्रश्नही राहिला. या सगळ्या निकालांतून ग्राहकाच्या हाती एक पक्की रीत लागते. लेबलवरचे घटकाचे नाव पुरेसे नाही. तो किती मात्रेत आहे, त्या मात्रेत काय करतो आणि उत्पादन मुख्यतः कशासाठी वापरले जाते, हे तिन्ही पाहूनच दोन क्रीमांची तुलना खरी होते.